विलायती चिंच: तोडायची, ठेवायची का माळावर लावायची?

या वेळी आलेल्या पत्रांतले तीन प्रश्न एकाच झाडाबद्दलचे निघाले, म्हणून तिन्ही एकत्रच घेतेय.

प्रश्न: ताई नमस्कार. आमचं शेत हातकणंगले तालुक्यात आहे. बांधावर विलायती चिंचेची पाच-सहा जुनी झाडं आहेत, आमच्या आजोबांनी कुंपण म्हणून लावलेली. धाकटा भाऊ म्हणतोय ही परदेशी झाडं आहेत, जमिनीचं वाटोळं करतात, सगळी काढून टाकू. त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी तसा मेसेज पाठवलाय. आई म्हणते पोरं खातात, पाखरं येतात, राहू दे. ही झाडं खरंच बाहेरची का? आणि असली तर तोडायलाच पाहिजेत का?
(एक शेतकरी वाचक, हातकणंगले)

उत्तर: दादा, झाड बाहेरचंच आहे, तेवढं भावाचं बरोबर. पण तोडायला लागतं हे काही त्यावरनं ठरत नाही.

याचं मूळ मेक्सिको, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेच्या वरच्या भागात. तिथं त्याला ग्वामूचिल म्हणतात आणि तिथंही शेंगांचा सीझन आला की बाजारात वाटे लावून विकतात, म्हणजे आपल्याकडं शाळेच्या गेटबाहेर टोपली घेऊन मावशी बसतात तसंच. ते इकडं आलं समुद्रामार्गे. 1565 पासून 1815 पर्यंत स्पॅनिश लोकांची मोठी गलबतं मेक्सिकोतल्या अकापुल्को बंदरातनं फिलिपिन्समधल्या मनिलाला ये-जा करायची, जाताना चांदी आणि येताना चीनचं रेशीम, आणि त्या अडीचशे वर्षांत मालाबरोबर तिकडची कितीतरी झाडं आशियात उतरली, त्यातलंच हे एक. 18व्या शतकाच्या शेवटी विल्यम रॉक्सबर्ग नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञानं कोरोमंडल किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या आंध्र-तमिळनाडूच्या बाजूला, त्याची नोंद केली. म्हणजे आपल्या देशात येऊन त्याला सव्वादोनशे वर्षं तरी नक्की झाली. आता कन्नड मुलखात ते सीमे हुणसे, हिंदीत जंगल जलेबी आणि आपल्याकडं विलायती चिंच.

आणि बाहेरचं म्हणून काढायचं ठरवलं तर थांबायचं कुठं? मिरची त्याच भागातली, पेरू, चिक्कू, सीताफळ, काजू, टोमॅटो, शेंगदाणा सगळे अमेरिका खंडातनं आलेले. मिरची काढली तर आपल्या तांबड्या रश्श्यात काय राहतं सांगा. आपली रोजच्या आमटीतली चिंचसुद्धा मूळची आफ्रिकेतली, फक्त ती इतकी जुनी की आपल्याला ती आपलीच वाटते, आणि वाटू दे की. भावाला एवढंच विचारा, की हे झाड लावलं तिथं राहतं का, का आपलं आपण सुटून रानभर पसरतं आणि दुसऱ्या कशाला जागाच ठेवत नाही?

इथं सुबाभूळ आणि विलायती चिंच शेजारी ठेवून बघा, दोन्ही शेंगावर्गातली, दोन्ही मेक्सिकोकडची, पण वागणूक वेगळी. सुबाभळीचं बी कडक सालीचं, मातीत पडलं तर वर्षानुवर्षं जिवंत राहतं, झाड लहान असतानाच शेंगांनी लगडतं आणि एकदा पडीक जमिनीत शिरलं की खाली दाट गर्दी होते, दुसरं काही उगवतच नाही. म्हणून जगातल्या सगळ्यात त्रासदायक 100 आगंतुक जातींच्या यादीत तिचं नाव आहे. विलायती चिंचेच्या बीला तेवढी टिकाव धरायची ताकद नाही, ताजं असलं तर ओल मिळताच काही दिवसांत उगवतं, पण ठेवून दिलं तर काही महिन्यांतच त्याची उगवण घटते, मातीत बियांचा मोठा साठा तयार होत नाही. पसरवतात पाखरं. पोपट, साळुंक्या, बुलबुल, कोकीळ त्या गराला येतात, गर खातात आणि बी कुठंतरी कुंपणावर, तारेखाली, दुसऱ्या झाडाच्या सावलीत टाकून जातात. म्हणून तुम्हाला नवीन रोपं जास्त करून बांधाला, कुंपणाला, रस्त्याकडेलाच दिसतील. ऊस किंवा सोयाबीनच्या रानात, जिथं दरवर्षी नांगर फिरतो, तिथं ते टिकत नाही.

हातकणंगले, शिरोळ, कागलकडचा भाग तुलनेनं कमी पावसाचा, तिथं हे झाड खुशीत वाढतं. पाणी कमी लागतं, मुळांवर गाठी असतात त्यातनं हवेतला नत्र जमिनीत येतो, पाला शेळ्यांना चालतो, काटे असल्यानं गुरं आत घुसत नाहीत. जमिनीचं वाटोळं वगैरे काही होत नाही, सावलीत पिकाच्या एक-दोन ओळी कमी येतील एवढंच, ते कुठल्याही मोठ्या झाडाखाली होतं. लाकूड मात्र कामाचं नाही, ठिसूळ असतं, जळताना धूर फार करतं.

माझं मत विचाराल तर जुनी झाडं ठेवा. आजोबांनी कुंपण म्हणून लावली आणि ती अजून कुंपणाचं काम करतायत. फक्त पावसाळ्यात बांधावरनं एक फेरी मारा आणि नको तिथं उगवलेली रोपं माती ओली असतानाच मुळासकट उपटा, तेव्हा ती हाताला सहज येतात. एकदा खोड धरलं की अवघड, कारण वरनं कापलं तर बुंध्यातनं फुटव्यांचं जंगल येतं. रोप ओळखायची खूण अगदी सोपी आहे: एक छोटा देठ, त्याला दोन फाटे, प्रत्येक फाट्याला दोनच पानं, म्हणजे एकूण चार, आणि देठाच्या बुडाशी काट्यांची जोडी. सुबाभळीला काटे नसतात आणि पाला बारीक झालरीसारखा असतो. ती दिसली तर मात्र शेंगा धरायच्या आधी काढा.

आणि आईंना सांगा पोरांना खाऊ दे. शेंग वाकून कड्यासारखी गोल झाली, हिरव्यावर लाली चढली आणि शिवणीवर उकलून आतला पांढरा-गुलाबी गर दिसायला लागला की ती पिकली. त्याच्या आधी तोडली तर तुरट लागते, घसा धरतो. गरच खायचा, काळं बी नाही. बी खेळायला ठेवायचं, वरचं काळं साल नखानं असं सोलायचं की आतलं तपकिरी साल कुठंही फाटलं नाही पाहिजे, आमच्या वर्गात या कामात पोरींचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

प्रश्न: मी कागल तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षिका आहे. मुलांनी उन्हाळ्यात विलायती चिंचेच्या भरपूर बिया साठवल्यात. पावसाळ्यात त्यांचे सीडबॉल, म्हणजे आत बी घातलेले मातीचे गोळे, करून गावामागच्या उघड्या माळावर टाकायचा आमचा विचार आहे. कमी पाण्यात येणारं झाड आहे, माळ हिरवा होईल. काही टिप्स द्याल का?
(एक शिक्षिका)

उत्तर: मॅडम, मुलांचा उत्साह मोडायचा नाहीये पण कळकळीनं सांगते, हे करू नका.

वरच्या उत्तरात मी ज्या झाडाची बाजू घेतली तेच झाड इथं नको म्हणतेय, कारण जागा बदलली. बांधावर माणूस आहे, नांगर आहे, कोयता आहे. उघड्या माळावर कुणी नाही. हवाई बेटांवर हेच झाड कोरड्या कुरणांत शिरलंय, काटेरी असल्यानं गुरांना चरायला अडचण होते आणि तोडलं की परत फुटतं. एकदा माळभर शेकडो रोपं उगवली की ती काढायला कोण जाणार?

दुसरं म्हणजे माळ उघडा दिसतो म्हणून तो ओसाड नसतो. जून-जुलैत तिथं किती प्रकारचं गवत येतं ते मुलांना घेऊन बसून बघा. चंडोल जमिनीवर, गवताच्या बुडाशी घरटं करतो. तित्तर, ससे, सरडे सगळे या गवतावर जगतात, मेंढपाळांची मेंढरं त्यावरच चरतात. तिथं काटेरी झाडांची गर्दी केली तर सावलीनं गवत जातं आणि गवताबरोबर ही सगळी मंडळी जातात. माळ हिरवा होईल, पण माळ राहणार नाही. पन्हाळ्याजवळचं मसाई पठार किंवा राधानगरीच्या जंगलाच्या कडेला कुणी असा कार्यक्रम घेत असेल तर त्यांनाही हेच सांगा. राधानगरीचं अभयारण्य 1958 पासूनचं आहे, तिथं बाहेरचं बी आपल्या हातानं नेऊन टाकायचं काहीच कारण नाही.

मुलांना झाडंच लावायची असतील तर शाळेच्या आवारात, ओढ्याच्या काठाला, गावात जायच्या रस्त्याला लावा आणि शेंगावर्गातलीच आपल्या मातीतली निवडा. पळस, पांगारा, आपटा, करंज, किन्हई, सगळ्यांना बिया भरपूर येतात आणि मुलांना गोळा करता येतात. कुंपणच हवं असेल तर सागरगोटा, शिकेकाई, करवंद, यांतनं तर कुत्रंसुद्धा आत येत नाही. सीडबॉल टाकून घरी जाण्यापेक्षा वीसच रोपं करा, प्रत्येक रोपाला दोन मुलं नेमा आणि उन्हाळ्यात पाणी घाला. आणि साठवलेल्या बियांमधल्या चार-पाच वर्गात कुंडीत लावून बघा, किती लवकर उगवतात ते बघितलं की हे झाड जगभर कसं पोचलं हे मुलांना मी सांगायची गरज राहणार नाही.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या कंपाउंडला लागून विलायती चिंचेचं मोठं झाड आहे. वळवाच्या वाऱ्यात फांदी मोडून खाली लावलेल्या गाडीवर पडली. काही मेंबर म्हणतात माणूस बोलवून रविवारी झाडच पाडू. चालेल का?
(एक वाचक, कोल्हापूर शहर)

उत्तर: नाही चालणार. शहरात झाडं तोडण्यासाठी 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे, झाड देशी असो की परदेशी, तुमच्या जागेत असलं तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. परवानगी न घेता पाडलं तर सोसायटीच अडचणीत येईल.

तोडायची गरजही मला दिसत नाही. या झाडाच्या फांद्या ठिसूळ असतात म्हणून दरवर्षी फळं संपली की, पण वळीव सुरू व्हायच्या आत, पार्किंगवर आलेल्या लांब फांद्या हलक्या करून घ्यायच्या, त्याचीही परवानगी काढूनच. झाड छाटणी चांगली सोसतं. छाटणाऱ्याला जाड हातमोजे द्या आणि पडलेले काटेरी फाटे त्याच दिवशी उचलायला लावा, नाहीतर आठवडाभर टायर पंक्चर होत राहतील. बुंधा पोकळ झालाय किंवा झाड एका बाजूला कललंय असं वाटत असेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा, फोटो जोडा आणि बघायला माणूस पाठवा म्हणून मागणी करा.