मुक्त चुनखडी : रानात चुना न टाकता ती आली कुठून?

चोपडा तालुक्यातल्या एका केळीवाल्या भाऊंचा प्रश्न आहे. माती परीक्षणाच्या अहवालात 'मुक्त चुनखडी जास्त' असं लिहून आलं. रानात चुना कधीच टाकला नाही, मग ही आली कुठून? आणि चुनखडी म्हणजे चुनाच ना?

चुना नव्हे. चुनखडी हा भट्टीत जाण्याआधीचा दगड, आणि चुना म्हणजे तोच दगड भाजल्यावर जे उरतं ते. गोंधळ 'खडी' या शब्दाने होतो. खडी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे क्रशरवरचा काळा दगड येतो. पण इथली खडी संस्कृत 'खटिके'ची, म्हणजे 'खडू'ची सख्खी बहीण. 'चुना' आला 'चूर्ण'वरून, मधे प्राकृतात 'चुण्ण' होऊन. म्हशीला आंबोणात घालतो ती तुरीची चुनीही याच घरातली.

चुनखडी साधारण 900 अंशांवर भाजली की तिच्यातला कर्बवायू निघून जातो. शंभर किलो शुद्ध दगडाचा 56 किलो कळीचा चुना होतो. 'कळीचा' हे विशेषण मला फार आवडतं. ढेकूळ पाण्यात टाका, ते तडकतं, वाफा सोडत फुलतं, रटरटतं. माझी आजी दिवाळीआधी चुना भिजवायची तेव्हा आम्हा पोरांना रांजणाजवळ फिरकू द्यायची नाही. शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जायचा. असा विरवलेला चुना खाली बसला की वर राहते ती निवळी. आजी त्या चुन्यात निळीची चिमूट घालून भिंती पोतायची. भिंतीवरचा तो चुना हवेतला कर्बवायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडीच होतो. रूप बदलतं तसं नावही बदलतं, हे आपल्या भाषेने किती नेमकं टिपलंय!

आता तुमच्या रानाबद्दल. खान्देशात चुनखडकाचे मोठे थर नाहीत, आपला दगड काळा. पण त्या काळ्या दगडाच्या झिजेतून निघालेला, चुनखडी घडवणारा कॅल्शियमचा अंश पाण्यासोबत उतरतो आणि पाणी आटलं की मातीत पांढऱ्या खड्यांच्या रूपाने साचतो. तापीकाठच्या गाळातही विहीर खणताना हे खडे सापडतात. 'मुक्त' म्हणजे मातीत सुटी असलेली. ती जास्त झाली की मुळांना लोह मिळेनासं होतं, नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मात्र पांढरं दिसतं ते सगळं चुनखडी नव्हे. धाब्याच्या घरावर टाकतो ती खारी माती निराळी.

कारखान्यांची भाषाही हा फरक पाळते. चंद्रपूर-यवतमाळकडे सिमेंटसाठी खणतात ती चुनखडी, चुना नव्हे. ती मातीसोबत सुमारे 1450 अंशांवर भाजतात. साखर कारखान्यात उसाच्या रसातला मळ काढायला मात्र चुनाच लागतो, पाण्यात कालवलेला. आणि घरातली शहाबादी फरशी? तीही चुनखडीच! म्हणून तर लिंबाचा रस सांडला की तिच्यावर डाग उमटतो.

घरी ओळखायचं असेल तर तुमच्या मातीतल्या पांढऱ्या खड्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे आले की चुनखडी. दुकानात शब्द जपून वापरा. लिंबाच्या झाडाला बोर्डो मिश्रण, म्हणजे बुरशीवरचं औषध, करायचं तर 'कळीचा चुना' असंच सांगा : एक टक्क्यासाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. या रानात मात्र माती सुधारायची म्हणून कुणी चुना टाकायला सांगितला तर टाकू नका, भाऊ. तो आंबट, म्हणजे आम्लधर्मी, जमिनीचा उपाय आहे.