वल्ली हरपला की हरपली?

प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडवर नोकरी नसताना वर्षानुवर्षं 'कंट्रोलर'की करणारे एक काका वारले. गळ्यात शिट्टी, खिशाला दोन पेनं आणि कंडक्टर चढायच्या आधीच यांची हाळी, 'पंढरपूर लागलीऽऽ, म्हातारीला आधी चढू द्या!' शोकसभेच्या फलकावर 'गावची एक वल्ली हरपली' लिहायचं ठरलं. एक जण म्हणाला, 'हरपला' पाहिजे. काकांच्या लेकीला तर 'वल्ली' हा शब्दच लागला.

संस्कृतात वल्ली म्हणजे वेल, आणि ती स्त्रीलिंगी. तैत्तिरीय उपनिषदाच्या भागांना शीक्षावल्ली, भृगुवल्ली म्हणतात ती हीच. आपल्या स्टँडवरच्या वल्लीचं तिच्याशी काही नातं नाही. हा अरबी 'वली', म्हणजे देवाच्या जवळचा, साधुपुरुष. मराठीनं त्याचा ल दुप्पट केला. गंमत पुढे आहे. अरबीत वलीचं अनेकवचन 'औलिया', तोच आपला अवलिया. म्हणजे एकट्या माणसाला अवलिया म्हणताना आपण त्याला अख्खा साधूंचा मेळा करून टाकतो! 'गरिबाला कोण वाली' मधला वालीही याच धातूचा.

साधूचा विक्षिप्त कसा झाला? जगरहाटी न जुमानणारा तो साधू, आणि जगरहाटी न जुमानणारा तो वेडाही. 'मोठा वल्लीच आहेस की!' या उपरोधातून अर्थ घसरला असावा. पण तळाशी कौतुक उरलं. पुढे पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'नं, ज्याला 1965चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ते कौतुक घरोघरी नेलं. 'नग' किंवा 'नमुना' यांचं तसं नाही. ते जिवंत माणसाला तोंडावर, तेही मित्रानंच म्हणावेत. गेलेल्याला म्हटलं की टोमणा होतो.

आता लिंग. मूळ शब्द पुरुषाचा, म्हणून 'काका वल्ली होते', आणि बाई असेल तर 'आजी वल्ली होत्या'. क्रियापद माणसाप्रमाणे चालतं. 'एक वल्ली हरपली' हे 'व्यक्ती'च्या ओढीनं झालेलं आहे. सर्रास ऐकू येतं, त्याला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी मात्र 'हरपला'च लिहीन. खरं तर तेही नाही. 'हरपला' हा फ्लेक्सवरचा शब्द. तो पुढाऱ्यांसाठी वापरून वापरून पार गुळगुळीत झालाय.

वल्ली भाषणात म्हणा, तिथे आवाजातून माया कळते. फलकावर नाव, खाली 'स्टँडवरचे काका' एवढं पुरे. आणि लेकीला वलीचा अर्थ सांगून बघा. तरी नको म्हणाली, तर नको.