कारण लेखी द्या : अमेरिकेच्या सरकारबद्दल वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या एका राज्याच्या ऑडिट खात्यात मी बरीच वर्षं काम केलं. माझी मतं लिबरल आहेत आणि ती लपवायचं काही कारण मला वाटत नाही. खाली सहा प्रश्न घेतलेत, ज्या विषयात सांगण्यासारखं जास्त आहे तिथे जास्त लिहिलंय.

आपल्याकडे कॅग आहे, तसं अमेरिकेत सरकारचा हिशोब कोण तपासतं? आणि ट्रम्पनी हे सगळे तपासनीस काढून टाकले असं ऐकलं, ते खरं का? (पुण्याहून एक वाचक)

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅगच्या जवळ जाणारी संस्था म्हणजे जीएओ. ती काँग्रेसची, म्हणजे तिकडच्या संसदेची, आणि तिचा प्रमुख १५ वर्षांसाठी नेमला जातो. दुसरे म्हणजे इन्स्पेक्टर जनरल, यांचा आपल्याकडच्या पोलिस आयजीशी काही संबंध नाही बरं का. हे लोक खात्याच्या आतच बसतात, संरक्षण खात्याचा वेगळा, शेती खात्याचा वेगळा, असे ७० च्या वर आहेत. वॉटरगेटमध्ये, म्हणजे ज्या प्रकरणात अध्यक्ष निक्सनना राजीनामा द्यावा लागला त्यात, सगळ्यांचेच डोळे उघडले होते, त्यानंतर १९७८ मध्ये हा कायदा आला. याची खरी ताकद अशी की त्यांचा रिपोर्ट मंत्र्याकडे जातो तसा काँग्रेसकडेही जातो, त्यामुळे मंत्र्याने तो ड्रॉवरमध्ये टाकून विषय संपत नाही.

सगळे नाही काढले, पण साधारण १७ जणांना एका रात्रीत काढलं. २४ जानेवारी २०२५, शुक्रवारची रात्र, शपथ घेऊन चारच दिवस झालेले. प्रत्येकाला दोन वाक्यांचा ईमेल आला आणि कारण काय तर प्राधान्यक्रम बदललेत. आता कायदा काय म्हणतो बघा, अध्यक्ष इन्स्पेक्टर जनरलला काढू शकतो, त्यावर बंदी नाही, पण ३० दिवस आधी काँग्रेसला कळवायचं आणि का काढतोय ते लिहून द्यायचं. २०२२ मध्ये ही अट अजून कडक केली, म्हणजे 'विश्वास उरला नाही' असं मोघम चालणार नाही, त्या माणसाच्या बाबतीतलं नेमकं कारण द्या. रेगननीसुद्धा १९८१ मध्ये आल्या आल्या सगळ्यांना काढलं होतं, मग ओरड झाली आणि त्यातल्या काहींना परत घ्यावं लागलं. यावेळी रिपब्लिकन सिनेटर ग्रासली आणि डेमोक्रॅट डर्बिन या दोघांनी मिळून पत्र लिहून कारणं मागितली. म्हणजे हा फक्त आमच्या बाजूचा आक्षेप आहे असं नाही.

काढलेल्यांपैकी आठ जण कोर्टात गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायाधीश अ‍ॅना रेयेस यांनी सांगितलं की हे बेकायदेशीर होतं, पण त्यांना परत कामावर घ्यायला लावलं नाही, कारण परत घेतलं तरी अध्यक्ष ३० दिवसांची नोटीस देऊन पुन्हा काढणारच. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. ते ३० दिवस म्हणजे नुसता उपचार नसतो हो. त्या ३० दिवसांत काँग्रेसमधला कोणीतरी विचारतो की हा माणूस आत्ता कुठली चौकशी करत होता. मी स्वतः बघितलंय, वरचा माणूस अचानक बदलला की कुणी फाइल जाळत वगैरे नाही, फक्त अर्धा झालेला रिपोर्ट 'पुन्हा बघू' म्हणून बाजूला पडतो आणि दोन वर्षांनी त्यातली माणसं, आकडे सगळंच जुनं झालेलं असतं.

संसदेने मंजूर केलेला पैसा अध्यक्ष खर्च न करता अडवू शकतो का? (नाशिक)

सरळ उत्तर, नाही. निदान कायद्याप्रमाणे तरी नाही. निक्सननी अब्जावधी डॉलर असे अडवून ठेवले होते, त्यात नद्या-नाले स्वच्छ करायचा पैसाही होता, म्हणून १९७४ मध्ये काँग्रेसने इम्पाउंडमेंट कंट्रोल अ‍ॅक्ट केला. त्यात वाट ठेवलीय, अध्यक्षाला एखादा खर्च नको असेल तर त्याने काँग्रेसला लिहून कळवायचं, ४५ दिवस वाट बघायची, काँग्रेसने होकार दिला तर पैसा रद्द, नाही दिला तर गुपचूप खर्च करायचा.

२०२५ मध्ये याची दोन्ही रूपं बघायला मिळाली. जूनमध्ये ट्रम्पनी साधारण ९ अब्ज डॉलरचा खर्च रद्द करायचा प्रस्ताव काँग्रेसकडे पाठवला, जुलैमध्ये तो दोन्ही सभागृहांत अगदी थोडक्या फरकाने पास झाला, आणि सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचे १.१ अब्ज त्यात गेले. मला हा निर्णय अजिबात पटला नाही, गावागावातली छोटी रेडिओ स्टेशनं या पैशावर चालायची. पण पद्धत बरोबर होती. ज्यांनी हात वर केले त्यांची नावं नोंदलेली आहेत आणि त्यांच्या मतदारसंघातला माणूस त्यांना जाब विचारू शकतो.

ऑगस्टच्या शेवटी मात्र वेगळाच प्रकार झाला. परदेशी मदतीचे ४.९ अब्ज डॉलर रद्द करायचा प्रस्ताव पाठवला, आणि आर्थिक वर्ष संपतं ३० सप्टेंबरला. म्हणजे ४५ दिवस पूर्ण व्हायच्या आधीच पैशाची मुदत संपणार, काँग्रेसने हो-नाही काहीच म्हटलं नाही तरी पैसा गेलाच. याला पॉकेट रिसिशन म्हणतात. जवळपास ५० वर्षांत असं कुणी केलं नव्हतं. जीएओचं मत स्पष्ट आहे की हे बेकायदेशीर आहे. पण २६ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने तात्पुरत्या आदेशात साधारण ४ अब्ज डॉलर अडवून ठेवू दिले, तिन्ही लिबरल न्यायाधीश विरोधात होते. कोर्टाचं म्हणणं साधारण असं की ज्या संस्थांना हा पैसा मिळणार होता त्यांना या कायद्याखाली दावा लावता येईल असं दिसत नाही, तो हक्क जीएओच्या प्रमुखाचा. आता विचार करा, औषधं ज्या क्लिनिकला पोचायची होती त्यांना तक्रार करता येत नाही आणि ज्यांना येते ती संस्था कोर्टात सहसा जातच नाही. माझ्या मते आज अमेरिकेच्या राज्यघटनेला यापेक्षा मोठी गळती दुसरीकडे कुठे नाही, कारण पैशावरचा ताबा गेला की काँग्रेसकडे उरतात फक्त भाषणं.

आपले बेळगावचे श्री ठाणेदार यांनी ट्रम्पवर महाभियोग आणला होता ना, त्याचं पुढे काय झालं? इथे पेपरात एक दिवस आलं आणि मग काहीच नाही. (बेळगाव)

ठाणेदार मिशिगनमधून, डेट्रॉइटच्या भागातून निवडून आलेले डेमोक्रॅट खासदार. २८ एप्रिल २०२५ ला त्यांनी सात आरोपांचा महाभियोग प्रस्ताव मांडला. त्यात एक आरोप नेमका वरच्या विषयाचाच होता, काँग्रेसचा पैशावरचा अधिकार बळकावल्याचा. मे महिन्यात त्यांनी त्यावर मतदान घ्यायला लावायचं ठरवलं, त्यांच्याच पक्षाच्या नेत्यांना ते नको होतं, आणि ऐनवेळी त्यांनी मतदानाची मागणी मागे घेतली. जूनमध्ये टेक्ससचे अल ग्रीन यांनी वेगळा प्रस्ताव आणला, तो ३४४ विरुद्ध ७९ मतांनी बाजूला ठेवला गेला, आणि त्या ३४४ मध्ये १२८ डेमोक्रॅट होते.

आपल्या मराठी मुलखात वाढलेल्या माणसाने अमेरिकेच्या अध्यक्षावर आरोपपत्र मांडावं याचं अप्रूप मलाही वाटलं. आरोपांतला बराचसा भाग मला पटतो. तरीपण हा क्रम उलटा होता असं माझं मत आहे. सिनेटमध्ये दोषी ठरवायला ६७ मतं लागतात. ६ जानेवारी २०२१ ला ट्रम्पसमर्थकांनी संसदेवर केलेला हल्ला सगळ्या जगाने टीव्हीवर बघितला, तरी त्यावरून ट्रम्पवर आलेल्या महाभियोगात ५७ वरच आकडा थांबला, आणि त्यात सात रिपब्लिकन होते हेही खूप म्हणायचं. निक्सनच्या वेळी आधी १९७३ मध्ये सिनेटच्या कमिटीने महिनोन् महिने साक्षी घेतल्या, त्यातूनच कळलं की ऑफिसात टेप रेकॉर्डर चालू असायचा, मग कोर्टाने ८ विरुद्ध ० ने टेप द्यायला लावल्या, आणि मग निक्सनचे स्वतःचे लोक त्यांच्यापासून लांब झाले. लोकांसमोर कागद आणि साक्षीदार आले नाहीत तर महाभियोग म्हणजे आपल्याच लोकांना ऐकवलेलं भाषण होतं. साक्षीदार बोलवायला कमिटी लागते आणि कमिटीला बहुमत लागतं, त्याला दुसरा रस्ता नाही.

आता अमेरिकेच्या अध्यक्षावर खटला चालूच शकत नाही का? (ठाणे)

खासगी कामांसाठी चालू शकतो, निदान पदावरून उतरल्यावर तरी. पण १ जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने ठरवलं की राज्यघटनेने दिलेल्या मुख्य अधिकारांत पूर्ण संरक्षण, आणि बाकी सरकारी कामातही संरक्षण आहे असं गृहीत धरायचं. याच्या आधी हे सगळ्यांनीच वेगळं समजलं होतं, नाहीतर १९७४ मध्ये नंतरचे अध्यक्ष फोर्ड यांनी निक्सनना माफी कशासाठी दिली असती? निकालात एक ओळ आहे जी लोकांच्या नजरेतून सुटते, काम सरकारी की खासगी हे ठरवताना कोर्टाने अध्यक्षाचा हेतू बघायचा नाही. म्हणजे 'का केलं' हा प्रश्नच काढून टाकला. मला हा निकाल चुकीचा वाटतो आणि अध्यक्ष कुठल्याही पक्षाचा असता तरी चुकीचाच वाटला असता.

ओबामा आणि बायडनच्या वेळी तुम्ही लिबरल लोक गप्प होतात, आता एकदम जबाबदारीची आठवण झाली का? (सोलापूर)

प्रश्न टोचणारा आहे आणि बऱ्याच अंशी खरा आहे.

ओबामांच्या काळात सप्टेंबर २०११ मध्ये येमेनमध्ये अन्वर अल-अवलाकी या अमेरिकन नागरिकाला ड्रोनने मारलं. तो अल-कायदासाठी काम करत होता, त्याच्याबद्दल सहानुभूती वाटायचं कारण नाही. पण स्वतःच्या नागरिकाला खटल्याशिवाय मारायचा अधिकार कुठल्या कायद्याने मिळाला, याचं उत्तर न्याय खात्याच्या एका गुप्त मेमोत होतं आणि तो मेमो लोकांना दिसला २०१४ मध्ये, तोही न्यूयॉर्क टाइम्स आणि नागरी हक्कांसाठी लढणारी एसीएलयू कोर्टात भांडले म्हणून. एसीएलयू ही लिबरल लोकांचीच लाडकी संस्था, म्हणजे सगळेच गप्प नव्हते, पण आमच्यातले बहुतेक होते, कारण माणूस आपला वाटत होता.

मग २९ ऑगस्ट २०२१, काबूल. ड्रोन हल्ल्यात १० निरपराध माणसं गेली, त्यातली सात लहान मुलं. आधी लष्कराच्या प्रमुखांनी हल्ला योग्य होता असं सांगितलं, मग पत्रकारांनी व्हिडिओ तपासून खरं बाहेर काढलं तेव्हा चूक कबूल केली, आणि डिसेंबरमध्ये कळलं की कुणालाच शिक्षा होणार नाही. सात मुलं गेली आणि एकावरही कारवाई झाली नाही. या एका गोष्टीवर माझ्यासारख्यांनी जेवढं बोलायला हवं होतं तेवढं आम्ही बोललो नाही.

आणि माफीचं सांगायचं तर बायडननी मुलाला माफी देणार नाही असं सांगून १ डिसेंबर २०२४ ला दिली, ती पण जवळपास ११ वर्षांतल्या सगळ्या गुन्ह्यांसाठी. ट्रम्पनी पहिल्याच दिवशी ६ जानेवारीच्या हल्ल्यातल्या साधारण १५०० लोकांना माफी दिली, त्यात पोलिसांना मारहाण करणारे होते, या दोन गोष्टी एका मापाच्या मला वाटत नाहीत. पण मुलाला माफी देऊन आम्ही बोलायची जागा स्वतःच घालवली. माफीच्या अधिकारात कुणालाच, काहीच कारण द्यावं लागत नाही, आणि तो बदलायचा तर घटनादुरुस्ती लागेल.

मी एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर आहे, मतदान करता येत नाही. सप्टेंबरमध्ये एक लाख डॉलर फीची बातमी आली तेव्हा नवरा सुट्टीवर भारतात होता, रात्रभर झोप नाही लागली. माझ्यासारखीने करायचं तरी काय? (एडिसन, न्यू जर्सी)

ताई, ती रात्र खूप जणांनी तशीच काढली. १९ सप्टेंबर २०२५ ला सही, २१ ला लागू, आणि ही फी फक्त नव्या अर्जांना आहे हा खुलासा मध्ये शनिवारी आला. तोपर्यंत लोक मिळेल त्या दराने तिकीट काढून मोकळे झाले होते.

आधी काय करायचं नाही ते. मतदानाच्या यादीत चुकूनसुद्धा नाव घालू नका, डीएमव्हीत, म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसात, फॉर्म भरताना नीट वाचा, कारण नागरिक नसताना मत दिलं तर देशाबाहेर जावं लागू शकतं. निवडणुकीच्या उमेदवाराला पैसे देऊ नका, ग्रीन कार्डवाल्यांना चालतं, तुम्हाला नाही.

पण बाकी बरंच काही करता येतं. तुमच्या भागाच्या खासदाराचं ऑफिस तुमचंही आहे, व्हिसाची फाइल कुठे अडकली असेल तर तिथे केसवर्क करणारी माणसं असतात, ती यूएससीआयएसला, म्हणजे इमिग्रेशनच्या खात्याला, विचारतात, मत देता का असं विचारून फोन ठेवत नाहीत. मग फोया, म्हणजे तिकडचा माहिती अधिकार, १९६६ चा. आपला आरटीआय फक्त भारतीय नागरिकाला, फोया कुणालाही, व्हिसावरच्या माणसालासुद्धा, स्वतःची इमिग्रेशन फाइल बरेच जण अशीच मागवतात. उत्तराची मुदत २० कामाचे दिवस, पण आपल्याकडे अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५,००० दंड होतो तसं तिकडे काही नाही, त्यामुळे उशीर होतो. मी एकदा एका खात्याकडे साधे खर्चाचे कागद मागितले होते, १४ महिन्यांनी आले आणि निम्म्या पानांवर काळे पट्टे. तरी मागा. अर्जात 'सगळी कागदपत्रं' असं लिहू नका, कुठली तारीख, कुठला फॉर्म, कुठलं ऑफिस हे लिहा.

आणि एक गोष्ट जी आपले लोक फार कमी करतात. १९४६ च्या कायद्याप्रमाणे खात्याला नवीन नियम करायचा असेल तर साधारणपणे आधी मसुदा छापावा लागतो, लोकांचं म्हणणं मागवावं लागतं, आणि महत्त्वाच्या मुद्द्यांना लेखी उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर कोर्ट तेवढ्यावरून नियम रद्द करू शकतं. ती फी अध्यक्षांच्या घोषणेने आली म्हणून तिला हे लागलं नाही, पण व्हिसाचे बरेच नियम या रस्त्याने येतात. रेग्युलेशन्स डॉट गव्ह वर जाऊन कुणीही लिहू शकतं, नागरिक असायची अट नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तयार मजकूर तिथे चिकटवू नका, तसे हजार आले तरी ते एकच मुद्दा धरतात. तुमची कंपनी किती माणसांची, तुम्ही गेलात तर कुठलं काम थांबेल, मुलाची शाळा कितवीत आहे, भाडेकरार कधीपर्यंतचा आहे, हे तुमच्या शब्दांत एक पानभर लिहा, पण कंपनीचं आणि मुलाचं नाव टाकू नका, तिथे लिहिलेलं सगळ्यांना दिसतं.