मालकाचं 'चालेल' कुठपर्यंत चालतं? भाड्याचं घर पर्यटकांना देण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: दापोलीजवळच्या किनाऱ्यावरच्या गावात ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर दोन खोल्यांचं कौलारू घर घेतलंय. मालक मुंबईत असतात. शनिवार-रविवार पर्यटकांना देऊ का विचारलं तर फोनवर म्हणाले, "द्या, चालेल." एवढ्यावर सुरुवात करावी का?

करू नका. मालकाच्या मनात खोट आहे म्हणून नव्हे. त्या 'चालेल'मध्ये कोण बोललं, कशाला हो म्हटलं आणि कधीपर्यंत, यातलं काहीच ठरलेलं नाही.

आधी तुमचा कागद बघा. लीव्ह अँड लायसन्स म्हणजे वापराचा परवाना. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५६ नुसार करारात वेगळं म्हटलेलं नसेल, तर असा परवाना दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. छापील मसुद्यात तर 'फक्त स्वतःच्या निवासासाठी, इतर कोणालाही देणार नाही' हे वाक्य असतंच. लायसन्सऐवजी खरोखरचा भाडेकरार असेल तरी उत्तर तेच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं कलम २६ पोटभाडेकरू ठेवायला मनाई करतं, आणि कलम १६ प्रमाणे बेकायदा पोटभाडं हे घर खाली करून घेण्याचं थेट कारण ठरतं. नोंदणीकृत करारात 'देणार नाही' लिहिलेलं असताना फोनवरचं 'चालेल' त्याला पुसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज जपून ठेवा, पण त्याच्या भरवशावर गाद्या खरेदी करू नका.

आता कोकणातली खरी अडचण. 'मालक' म्हणजे नक्की कोण? गावातलं घर आजोबांच्या नावावर, वारसनोंद अर्धवट, सातबाऱ्यावर सात-आठ नावं, आणि भाडं घेतो तो धाकटा काका. करार त्याने केला, परवानगीही त्यानेच दिली. मे महिन्यात ठाण्याचे दुसरे भाऊबंद येतात, अंगणात चार परक्या गाड्या बघतात, आणि मग भांडण त्यांचं असलं तरी मधे सापडता तुम्ही. म्हणून सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, दोन्ही काढा. घर सामाईक असेल तर सगळ्यांच्या सह्यांचं संमतीपत्र घ्या, किंवा करार करणाऱ्याकडे बाकीच्यांचं कुलमुखत्यारपत्र आहे का ते पाहा. जुन्या मंडळींना 'भाडेकरू' म्हटलं की कसणाऱ्या कुळाला जमिनीचा हक्क देणारा कूळकायदा आठवतो आणि हात आखडतो. त्यांना स्पष्ट सांगा की पाहुण्यांना राहण्यापुरती मुभा आहे, ताबा नाही, हक्क तर नाहीच. हे वाक्य पत्रातही घाला.

परवानगी नव्या करारातच 'इतर अटी' म्हणून घालणं उत्तम. चालू करार असेल तर पूरक करार करून तोही नोंदवा. खर्चाला घाबरू नका. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक परत मिळणाऱ्या अनामतीवरचं वार्षिक १० टक्के व्याज धरून त्या बेरजेवर ०.२५ टक्का. १२,००० रुपये भाडं आणि ५०,००० अनामत असेल तर ११ महिन्यांचं शुल्क साडेतीनशेच्या आत बसतं. नोंदणी फी वेगळी. ऑनलाइन नोंदणीत मालकाला मुंबईहून दापोलीला यावं लागत नाही, आधार आणि अंगठा तिथूनच होतो. करार लेखी आणि नोंदलेला ठेवण्याची जबाबदारी १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकावरच आहे. कुरकुर झाली तर हे सौम्य शब्दांत सांगता येतं.

लिहायचं काय? एका वेळी जास्तीत जास्त किती पाहुणे, एक मुक्काम कमाल किती दिवसांचा, घराचे फोटो बुकिंगच्या साइटवर टाकायला हरकत नाही, मोडतोड तुम्ही भरून द्याल, आणि परवानगी मागे घ्यायची असेल तर किती दिवसांची नोटीस. या शेवटच्या अटीला जोडूनच, नोटिशीच्या दिवसापर्यंत झालेली बुकिंगं पार पाडू दिली जातील, हेही लिहून घ्या. नाहीतर डिसेंबरचे आगाऊ पैसे घेतलेत आणि नोव्हेंबरात 'आता नको' असा फोन आला, तर पाहुण्यांचे पैसे तुमच्या खिशातून जातात.

आणि गणपती. या एका मुद्द्यावर सगळ्यात जास्त करार फिसकटतात. चाकरमानी वर्षभर घराकडे बघणार नाही, पण गणपतीत आणि शिमग्याला पालखी येते तेव्हा त्याला स्वतःचं घर हवं. ओटीवर गणपती बसायचा असेल तर तुमचे पर्यटक तिथे शोभत नाहीत, आणि त्याचं म्हणणं बरोबरच आहे. गणपतीचे आणि शिमग्याचे दिवस करारातच मालकासाठी राखून ठेवा आणि त्या तारखा साइटवर वर्षाच्या सुरुवातीलाच बंद करा. त्याबदल्यात त्या महिन्याचं भाडं थोडं कमी मागायला हरकत नाही. घरात देवघर असेल तर तिथे पाहुण्यांना प्रवेश आहे की नाही, शाकाहाराची अट आहे का, हेही तेव्हाच विचारून घ्या.

करार संपण्याची तारीख कॅलेंडरमध्ये लाल करून ठेवा. लायसन्सची मुदत संपल्यावर घर खाली केलं नाही तर १९९९ च्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. शेवटच्या आठवड्यात बुकिंग घ्यायचंच नाही.

पैशाचं गणित बहुतेकजण उत्साहात चुकवतात. १२,००० भाड्याचे ११ महिन्यांचे १,३२,००० रुपये. रात्रीला २,५०० घेतले, साइटने १५ टक्के कापले, चादरी-सफाईला ५०० गेले, तर हातात १,६२५ उरतात. म्हणजे नुसतं भाडं निघायला ८२ रात्री हव्यात. ११ महिन्यांत शुक्रवार-शनिवारच्या रात्री साधारण ९५. त्यातून जून ते सप्टेंबरचा पाऊस वजा करा (१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ताजी मासळी दुर्मीळ, आणि अर्धे पर्यटक मासळीसाठीच येतात), उरतात साठ-बासष्ट. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यातले मधले वार भरले नाहीत तर तुम्ही पदरचे घालणार. म्हणून भाडं ठोक ठरवण्यापेक्षा कमी भाडं अधिक प्रत्येक भरलेल्या रात्रीमागे ठरावीक रक्कम, असं ठरवलेलं बरं. नफ्यात टक्केवारी देऊ नका. हिशेबावरून संशय सुरू होतो.

कराच्या बाबतीत एक गैरसमज सर्रास आढळतो. पाहुण्यांकडून मिळणारं तुमचं उत्पन्न 'घरापासूनचं उत्पन्न' नाही, कारण घर तुमचं नाही. त्यामुळे ३० टक्क्यांची सरसकट वजावटही नाही. ते व्यवसायात किंवा इतर स्रोतांत दाखवायचं आणि दिलेलं भाडं, वीज, सफाई खर्च म्हणून वजा करायचं. पावत्या ठेवा. जीएसटीची नोंदणी तुम्हाला सेवांसाठीच्या २० लाखांच्या मर्यादेपर्यंत लागत नाही. साइटवरून आलेल्या बुकिंगचा जीएसटी साइटच भरते.

वीज. मीटर घरगुती आणि वापर पर्यटकांसाठी, अशी कोणी तक्रार केली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते, आणि मीटर मालकाच्या नावावर असतो. महावितरणच्या उपविभागात लेखी विचारा, उत्तर लेखी घ्या. घरगुती सिलिंडरवर पाहुण्यांचं जेवण करणंही नियमात बसत नाही. नाश्ता-जेवण देणार असाल तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागेल. त्यापेक्षा गावातल्या घरगुती खानावळीशी ठरवून टाका, गावालाही दोन पैसे मिळतात. पर्यटन संचालनालयाच्या निवास-न्याहारी योजनेत जायचं असेल तर अर्ज करण्याआधी मालकाला बरोबर घ्या, कारण घराचे कागद त्याचे आहेत.

ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला आधीच पत्र द्या, पोचेची प्रत घ्या. पाहुण्यांची वही ठेवा: नाव, पत्ता, मोबाईल, ओळखपत्र, गाडी क्रमांक, आल्या-गेल्याची वेळ. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते. हे चुकलं तर प्रकरण गंभीर होतं.

घराकडे या आता. एका माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. आठजण उतरले तर हजार लिटरची टाकी एका दिवसात संपली, आणि समुद्रातून आलेली मंडळी दोनदा अंघोळ करतात. मे महिन्यात किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. पंप जोरात लावला की आणखी. दुसरी टाकी, प्यायचं पाणी वेगळं. वाळूने मोरीची पाइप तुंबते, म्हणून अंगणात पाय धुवायचा नळ बसवाच. चार माणसांच्या शोषखड्ड्यावर दहा माणसं चढवली की पावसाळ्यात तो उलटतो. पाहुण्यांची संख्या खाटांवरून न ठरवता शोषखड्ड्यावरून ठरवा.

गाड्या माडाखाली लावू देऊ नका. नारळ किंवा झावळ काचेवर पडली की भरपाई कोणाची, यावर दिवसभर वाद चालतो. हंगामाआधी पाडेल्याला (माडावर चढून नारळ काढणाऱ्याला) बोलावून माड उतरवून घ्या. विहिरीला कठडा नसेल तर लहान मुलांचं बुकिंग घेऊच नका. शाकारणी आणि फुटकी कौलं मालकाची, गंजलेल्या कड्या-कुलपं आणि पंख्याचे बेअरिंग तुमचे, ही वाटणी पत्रात लिहा. अंगणात शेड किंवा नवं न्हाणीघर मात्र स्वतःहून बांधू नका. किनाऱ्यालगत सीआरझेड (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे निर्बंध) लागू असतं आणि नोटीस मालकाच्या नावाने येते.