डबा खाल्ला म्हणून आलेली सिस्टर

कर्करोग विभागात काम करणाऱ्या किंवा तिथे जाऊ पाहणाऱ्या परिचारिका समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकींची, आणि त्यांच्याहूनही त्यांच्या आईवडिलांची, चिंता एकच असते: रोज एवढे दुःख पाहून माणूस खचणार नाही का? दीड वर्षापूर्वी आलेल्या एका पंचविशीतल्या परिचारिकेची तक्रार मात्र नेमकी उलटी होती. आपण खचत नाही, याचीच तिला भीती वाटू लागली होती. (तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

घडले ते असे. ज्या काकांच्या केमोथेरपीच्या जवळजवळ प्रत्येक फेरीला तिनेच सलाईन लावले होते, ते एका दुपारी गेले. तिने नळ्या काढल्या, अंग पुसले, डोळे मिटवले, हनुवटीखाली पट्टी बांधली, नातेवाइकांना आत घेतले, कागदपत्रे पूर्ण केली आणि अर्ध्या तासाने पॅन्ट्रीत जाऊन डबा उघडला. “भेंडीची भाजी होती, मॅडम, आणि मला ती चवीने लागली. मी दुसरी पोळीसुद्धा खाल्ली.” हे सांगताना ती माझ्याकडे पाहत नव्हती. रात्री तिने आईला हे सांगितले, तेव्हा आई म्हणाली, “मन दगडाचं व्हायच्या आत सोड ते काम. डोळ्यांच्या दवाखान्यात लाग. उद्या लग्न व्हायचंय तुझं.”

माझा पहिला सल्ला चुकला. मी तिला रजा घ्यायला सांगितले आणि तिने ते चार दिवस घरात बसून आपल्याला रडू येते का, याची वाट पाहण्यात घालवले. दुसऱ्या भेटीत मी तिच्या मनाविषयी विचारणे सोडून दिले आणि कामाविषयी विचारले: लाल औषध देताना तुम्ही काय काय करता, ते मला क्रमाने सांगा.

लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. ते शिरेबाहेर झिरपले, तर आजूबाजूची त्वचा आणि मांस अक्षरशः जळते आणि ती जखम लवकर भरत नाही. ती सांगू लागली तसा तिचा आवाज सुटला. वारंवार टोचून शिरा कडक झालेल्या असतात, म्हणून आधी हात शेकायचा. मनगट आणि कोपराची खाच टाळायची. सुईत रक्त मागे येते का ते पाहायचे आणि औषध जात असतानाही पुन्हा पुन्हा पाहत राहायचे. झोंबतंय का, असे विचारायचे. पण काकांना विचारून उपयोग नसे, कारण सिस्टरला त्रास नको म्हणून ते नेहमी ‘नाही’ म्हणत. त्यामुळे ती त्यांच्या पायाच्या अंगठ्याकडे लक्ष ठेवायची. दुखले की तो आत वळायचा.

इतके निरखणाऱ्या मुलीचे मन दगड झाले आहे, हे मला पटणार नाही, असे मी तिला स्पष्ट सांगितले.

करुणा आटण्याच्या या अवस्थेला ‘कम्पॅशन फटीग’ म्हणतात आणि 1992 मध्ये कार्ला जॉइन्सन यांनी हा शब्द परिचारिकांविषयी लिहितानाच वापरला होता. आम्ही त्याची चिन्हे शोधतो ती अशी: ठरावीक खाटेकडे जाणे टाळणे, वेदनाशामकाची वेळ झालेली असूनही “थांबा थोडं” म्हणणे, नातेवाइकांवर खेकसणे, झोप उडणे, ड्यूटीला निघताना पोटात गोळा येणे. ही चिन्हे कित्येक आठवडे टिकली, तर मदत घ्यावी आणि गरज वाटल्यास विभागही बदलावा. त्यात कमीपणा काहीच नाही. सकाळी सातपासून उभ्या असलेल्या माणसाला दुपारी भूक लागणे मात्र या यादीत बसत नाही.

तिसऱ्या भेटीला तिची आई सोबत आली. लग्नाच्या बोलण्याआड त्यांची खरी शंका वेगळीच होती: ही औषधे हाताळून पुढे मुलाबाळांना काही होईल का? कर्करोग स्पर्शाने पसरत नाही, हे त्यांना ठाऊक होते. औषधांविषयीची भीती मात्र बिनबुडाची नाही, हे मी मान्य केले. म्हणूनच ही औषधे बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये, म्हणजे औषधाचे कण बाहेर येऊ न देणाऱ्या खास कपाटात, तयार करतात, गाऊन आणि दुहेरी हातमोजे वापरतात, सांडलेच तर स्पिल किट जवळ ठेवतात. आणि दिवस राहिलेल्या किंवा तसा विचार असलेल्या परिचारिकेने इन्चार्जना वेळेवर सांगून या कामातून बाजूला होणे योग्य असते. आपल्या विभागात यातले काय आहे आणि काय नाही, हे लेकीने तिथल्या तिथे बोटांवर मोजून दाखवले, तेव्हा आई काहीशा निवांत झाल्या.

निघता निघता ती म्हणाली, “डब्याचं नाही हो, मॅडम. त्या खाटेचं आहे.” वीस मिनिटांत तीच खाट पुसून, नवी चादर घालून, तिथे येणाऱ्या रुग्णाला हसून “या” म्हणायचे, हे तिला जमत नव्हते. तीन भेटींत आम्ही दोघी डब्याभोवतीच फिरत होतो.

यावर समुपदेशकापाशी औषध नाही. ते वॉर्डातच सापडायचे होते. जिने शेवटची सेवा केली, तिने ती खाट लावू नये, दुसऱ्या सिस्टरने लावावी आणि पहिलीला दहा मिनिटे मोकळी मिळावीत, एवढीच मागणी घेऊन ती इन्चार्ज सिस्टरकडे गेली. “आम्हाला कुणी दिली होती दहा मिनिटं?” हे उत्तर तिला मिळाले. त्यात मला राग कमी आणि जुने दुखणे जास्त ऐकू आले. दोन आठवड्यांनी ड्यूटीच्या वहीत कुणाच्याही नकळत तशी ओळ चढली.

गेल्या पावसाळ्यात ती पुन्हा भेटली. भारतीय परिचर्या परिषदेने आखलेल्या एक वर्षाच्या ऑन्कॉलॉजी नर्सिंगच्या पदविकेसाठी तिने अर्ज भरला होता. जाता जाता तिने सांगितले की, बरीच वर्षे उपचारांना येणाऱ्या एक आजी गेल्या त्या दिवशी इन्चार्ज सिस्टर स्वतः पॅन्ट्रीत येऊन बसल्या. बोलल्या काहीच नाहीत. हिने डब्यातली अर्धी पोळी त्यांच्यापुढे सरकवली आणि त्यांनी ती खाल्ली.