गेटवरची गर्दी मोजू नकोस

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

प्रकल्पाच्या आराखड्यात तू लिहिलं आहेस: रॅपामायसिन हे औषध दिल्यावर एलसी३ या प्रथिनाचे ठिपके वाढतात, म्हणजे ऑटोफॅजी (पेशीने आपलेच भाग पचवणं) वाढते, म्हणजे डेंड्रायटिक पेशी (प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी) टी-पेशींना प्रतिजन (ओळखायच्या प्रथिनाचा तुकडा) जास्त दाखवणार. या एका वाक्यात दोन उड्या आहेत. दोन्हींच्या खाली पाणी किती आहे ते आधी बघून घे.

पहिली उडी ठिपक्यांची. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर सकाळी उभी राहा. गाड्यांची रांग लांबलचक दिसली, तर रहदारी वाढली म्हणायचं की गेट पडलंय म्हणायचं? नुसती रांग मोजून ते कळत नाही. एलसी३चं पडद्याला चिकटणारं रूप म्हणजे एलसी३-दोन, त्याचं तसंच आहे. ते ऑटोफॅगोसोमच्या (पचवायचा माल गुंडाळणाऱ्या पिशवीच्या) पडद्याला चिकटतं आणि पुढे लायसोसोममध्ये (पेशीच्या आम्लारी पचनकप्प्यात) पचतं. बनणं वाढलं तरी ते साठतं, पचणं थांबलं तरी साठतं. म्हणून गेट आपणच ठरावीक वेळ पाडायचं आणि तेवढ्या वेळात किती गाड्या जमल्या ते मोजायचं. हे काम बाफिलोमायसिन ए१ करतं. लायसोसोममध्ये आम्ल भरणारा पंप ते बंद पाडतं.

चार नळ्या लाव: काहीच न दिलेली, नुसतं बाफिलोमायसिन, नुसतं रॅपामायसिन, आणि दोन्ही. बाफिलोमायसिन १०० नॅनोमोलर, शेवटचे २ ते ४ तास. दोन्ही दिलेल्या नळीत नुसत्या बाफिलोमायसिनपेक्षा एलसी३-दोन जास्त आलं, तरच प्रवाह वाढला म्हण. रॅपामायसिनने एकट्याने जेलवरचा एलसी३-दोनचा पट्टा गडद झाला, पण बाफिलोमायसिनच्या सोबतीने काहीच फरक पडला नाही, तर वाट पुढे कुठेतरी तुंबल्याची शंका घे. बाफिलोमायसिन रात्रभर ठेवू नकोस. सगळंच इतकं साठतं की नळ्यांमधला फरक पुसला जातो, आणि पेशी मरायला लागतात ते वेगळंच. तू खानापूरहून ये-जा करतेस, तेव्हा दहाला औषध टाकून एकला पेशी उचलल्यास, तर परतीच्या गाडीआधी लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) तयार होतं.

प्रथिनं वजनानुसार वेगळी करायचं जेल १५ टक्क्यांचं घे आणि ती उतरवून घ्यायचा पीव्हीडीएफ पडदा ०.२ मायक्रॉनचा, ०.४५च्या पडद्यातून एवढं छोटं प्रथिन निसटतं. एलसी३-दोनला चरबीची शेपटी असते, त्यामुळे वजनाने जास्त असूनही ते जेलवर शेपटी नसलेल्या एलसी३-एकच्या खाली, १४ किलोडाल्टनच्या आसपास धावतं. वरचा पट्टा १६च्या आसपास. दोघांचं गुणोत्तर काढू नकोस. एलसी३-दोनची तुलना पेशींत साधारण सारख्याच प्रमाणात असणाऱ्या अ‍ॅक्टिनशी कर. कारण साधं आहे: नमुना वितळून पुन्हा गोठला की एलसी३-एक आधी नष्ट होतं. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते-येते, फ्रीझरमध्ये हेच घडतं, आणि गुणोत्तर फुगलेलं दिसतं. लायसेटचे छोटे छोटे भाग कर, एक भाग एकदाच वापर.

आता दुसरी उडी. हिच्यात मुलं जास्त फसतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

शाळेत लायसोसोमला आत्मघातकी पिशवी म्हणून शिकवलं. ते नाव मनातून काढून टाक. एमएचसी वर्ग २साठी (पेशीच्या पृष्ठभागावर टी-पेशींना प्रतिजन दाखवणाऱ्या रेणूसाठी) हाच आम्लारी कप्पा म्हणजे कारखाना आहे. वर्ग २चा रेणू आंतर्द्रव्यजालिकेत बनतो तेव्हा त्याच्या खाचेत इनव्हेरियंट साखळी बसलेली असते. आम्लारी कप्प्यात कॅथेप्सिन एस हे विकर ती साखळी कापतं, क्लिप नावाचा तुकडा उरतो, आणि डीएम रेणू तो काढून तिथे प्रतिजनाचा पेप्टाइड (छोटा तुकडा) बसवतो. खाच दोन्ही टोकांना उघडी असल्यामुळे १३ ते २५ अमिनो आम्लांचा लांब तुकडाही चालतो. पण पचन जास्त झालं तर खाचेत बसण्याजोगं काही उरत नाही. गुऱ्हाळावर काईल वेळेत उतरवली नाही तर गूळ करपतो, तसं. मॅक्रोफेज या भक्षक पेशी सगळं पार पचवून टाकतात. डेंड्रायटिक पेशी लायसोसोममध्ये प्रथिनं कापणारी विकरं मुद्दाम कमी ठेवतात, आणि म्हणूनच सादरीकरणात (प्रतिजन दाखवण्यात) त्या सरस.

आता बघ, बाफिलोमायसिन दिलंस की आम्ल गेलं, साखळी कापली जाणं थांबलं, क्लिप हलला नाही. सादरीकरण पडणारच. त्यावरून "ऑटोफॅजी आवश्यक आहे" असं लिहिलंस तर निष्कर्ष खोटा. क्लोरोक्विनही आम्ल घालवतं, त्याचंही तेच. ऑटोफॅजी रोखायला वापरतात ते ३-मिथाइलअ‍ॅडेनीन तर पेशीचं घोट घेणंच कमी करतं, म्हणजे प्रतिजन आत शिरतच नाही. एलसी३च्या जेलला जे औषध हवंच, ते सादरीकरणाच्या प्रयोगात नको. इथे जनुकानेच काम कर, आणि एकाच जनुकावर विसंबू नकोस.

एकावर का नाही? एटीजी५ किंवा एटीजी७ हे ऑटोफॅजीचं जनुक काढलं की ऑटोफॅजी थांबते, पण त्याबरोबर एलसी३ चिकटलेलं फॅगोसोमही बनत नाही. ती वेगळी वाट आहे: बाहेरून गिळलेल्या कणाभोवती एकेरी पडदा, त्यावर एलसी३. तिला रुबिकॉन आणि एनओएक्स२ ही प्रथिनं लागतात. यूएलके१ आणि एफआयपी२०० लागत नाहीत. खऱ्या ऑटोफॅगोसोमला दुहेरी पडदा असतो आणि त्याला एफआयपी२०० लागतं. म्हणून एटीजी५, एफआयपी२०० आणि रुबिकॉन यांतलं एकेक जनुक काढलेल्या तीन पेशीरेषा बनव. एटीजी५ गेल्यावरही आणि एफआयपी२०० गेल्यावरही सादरीकरण पडलं आणि रुबिकॉन गेल्यावर पडलं नाही, तर ऑटोफॅजीचं नाव घे.

प्रतिजनही विचार करून निवड. बाहेरून ओव्हाल्ब्युमिन (अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन) ओतलंस तर ते एंडोसोमच्या (गिळलेल्या मालाच्या कप्प्यांच्या) वाटेने जातं. पेशीच्या आतल्या ऑटोफॅजीची परीक्षा त्यात होत नाही. आतलंच प्रथिन हवं. २००५ साली एप्स्टाइन-बार विषाणूचं ईबीएनए१ ऑटोफॅजीच्या वाटेने वर्ग २वर येतं हे दाखवलं गेलं. २००७मध्ये इन्फ्लुएन्झाचं मॅट्रिक्स प्रथिन एलसी३ला जोडून वर्ग २चं सादरीकरण वाढवलं. तीच युक्ती वापर, पण जोडीला एलसी३चा असा बदललेला प्रकार ठेव, ज्यात १२०व्या जागचं ग्लायसीन बदलून अ‍ॅलानीन केलंय. तो पडद्याला चिकटत नाही, त्यामुळे वाढ झाली ती चिकटण्यामुळेच की नाही हे कळतं.

एमएचसी वर्ग १चं गणित उलटं निघू शकतं. त्याचा ८ ते १० अमिनो आम्लांचा पेप्टाइड बहुधा प्रोटिअसोममध्ये (प्रथिनं कापणाऱ्या यंत्रात) कापला जातो, टॅप या वाहक प्रथिनातून आंतर्द्रव्यजालिकेत जातो आणि तिथेच बसतो. ऑटोफॅजीचा हात तिथे थेट नाही. उलट, २०२०मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगात असं दिसलं की एनबीआर१ हे प्रथिन वर्ग १चे रेणूच ऑटोफॅजीकडे ओढून नेतं. ऑटोफॅजी रोखली की ते पृष्ठभागावर परत वाढतात. तंतुकणिकांची गोष्टही अशीच: पिंक१ आणि पार्किन ही प्रथिनं नसतील तर तंतुकणिकांतून सुटलेल्या पुटिका त्यांचे प्रतिजन वर्ग १पर्यंत पोचवतात. म्हणून आराखड्यात "सादरीकरण वाढेल" एवढंच लिहू नकोस. कोणत्या वर्गावर, कोणत्या कप्प्यातून, ते लिही.

नियंत्रण नळ्या कमी करू नकोस. तयार पेप्टाइड (प्रतिजन ओव्हाल्ब्युमिन असेल तर वर्ग २साठी त्याचा ३२३ ते ३३९ क्रमांकाच्या अमिनो आम्लांचा तुकडा) दिलेली नळी हवीच. तिला कापाकापी लागत नाही, म्हणून तीही पडली तर बिघाड पृष्ठभागावरच्या वर्ग २मध्ये किंवा टी-पेशीत आहे. टी-पेशी मिसळण्याआधी डेंड्रायटिक पेशी ०.०५ टक्के ग्लूटराल्डिहाइडमध्ये ३० सेकंद ठेव, ग्लायसीनने थांबव, तीनदा धू. नाहीतर उरलेलं रॅपामायसिन थेट टी-पेशींची वाढ रोखतं आणि दोष ऑटोफॅजीच्या माथी बसतो. ओव्हाल्ब्युमिन वापरशील तेव्हा एंडोटॉक्सिनमुक्तच माग. साध्या बाटलीतल्या एंडोटॉक्सिनने (जिवाणूंच्या आवरणातल्या विषाने) पेशी जागी होते, वर्ग २ आपोआप वर येतो, आणि तुझ्या जनुकाचा त्यात काही संबंध नसतो.

पहिल्या जेलचा फोटो पाठवशील तेव्हा पट्टे कापून पाठवू नकोस. मार्करसकट १० ते २० किलोडाल्टनचा सगळा भाग, त्याच पडद्यावरचं अ‍ॅक्टिन, आणि किती सेकंदांचं एक्सपोजर तेही लिही.

तुझी,
बाई