जुन्या नाशकातला आमचा विटांचा वाडा खरंच पेशवेकालीन आहे का? बाहेरून सिमेंटचं प्लास्टर केलं तर चालेल का?

नाशकात प्रत्येक जुना वाडा पेशवेकालीनच असतो, निदान घरच्यांच्या तोंडून! सराफ बाजाराजवळचा सरकारवाडा खरोखर पेशव्यांचा. तुमच्याकडे कागद नसतील, तर वाड्यालाच विचारू.

पोपडे निघालेल्या जागी टेप लावून वीट मोजा. चपटी, दीड-दोन इंच जाड, सांध्यात चुना किंवा माती, तर भिंत जुन्या चालीची. नऊ बाय साडेचार बाय तीन इंचाची, पाठीवर खाच आणि त्यात इंग्रजी अक्षरं असतील तर ती इंग्रजी अमदानीतली. इंग्रज इथे १८१८ मध्ये आले, आणि अशी वीट बहुधा त्यानंतरही बऱ्याच काळाने.

पण वाडा विटांवर उभा नसतो. दगडी जोतं, त्यावर तळखडे म्हणजे खांबांखालचे दगड, तळखड्यांवर सागवानी खांब आणि तुळया; विटा नुसत्या मधल्या खणांत भरलेल्या. पुरात भिंत ढासळली तरी खांब जागेवर राहायचे आणि भिंत नव्याने भरली जायची. त्यामुळे एकाच वाड्यात तीन वेगवेगळी वयं सापडतात, आणि मी तरी खांबांचं वय खरं धरतो. सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब, वर केळफुलाची नक्षी असेल तर घरच्यांचं म्हणणं सहज उडवून लावू नका.

छपरावर फसू नका. बासेल मिशन या मिशनरी संस्थेचा मंगळूरचा कौलांचा कारखाना १८६५ चा, तेव्हा त्यांचा छाप असलेलं कौल फक्त छपराचं वय सांगतं. छताला लोखंडी गर्डर असेल तर रंग खरवडा. 'डॉर्मन लाँग' हे नाव निघालं तर ती कंपनी १८७५ ची, म्हणजे निदान ते छत पेशवाईतलं नाही.

आता प्लास्टर. सिमेंटचं अजिबात नको. जमिनीतली ओल विटेत चढते आणि चुन्यातून बाहेर पडते. सिमेंट तिची वाट अडवतं. मग क्षार आतच साठतात. आमच्या देवडीत असं प्लास्टर झालंय. वरून गुळगुळीत, बोटाने ठोकलं तर पोकळ आवाज, आणि तुकडा पडला की मागून विटेचा लाल भुगा गळतो. तीच ओल भिंतीत गेलेली तुळयांची टोकंही कुजवते.

चुन्याचा गिलावा करणारा गवंडी शोधा, महाग पडेल. पण त्याआधी प्रत्येक खांबाच्या बुडाशी स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा. लोण्यात गेल्यासारखा आत गेला तर गिलाव्याचं काम थांबवा, पावसाळ्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.